युवराजांना अजून खेळायचंय

हुन-तिन, डोंगरावरचं थोरलं देऊळ
बारावा महिना, दिवस सहावा

आ-ब्वान हिस,

हे पत्र सूनबाई तुला वाचून दाखवेल, आणि तिचं वाचून होताच तू ते घेऊन देवळात पळशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून सगळ्यांना माहीत असलेलंही पहिल्यापासून लिहितो. साखर कारखान्याच्या काट्यावर तीस वर्षं ऊस तोललेल्या क्वा तिक-सुनने देवाच्या कामात मात्र काटा मारला, असं उद्या कोणी म्हणायला नको.

यंदा देवळाच्या धूपपात्राचा मानकरी म्हणून मी, बदकवाला आ-खुन, न्हावी बे-ती आणि तीन वाजंत्री असे सहा जण आपल्या देवळातल्या तिसऱ्या युवराजांची मूर्ती घेऊन परवा इथे त्यांच्या थोरल्या देवळात भेटीला पोचलो. वाटेत युवराजांनी काही त्रास दिला नाही. देव लहान मुलाच्या रूपातला, म्हणून लिमलेटच्या दोन गोळ्या आणि भोवरा त्यांच्यापुढे ठेवला होता. एक मुक्काम करून काल सकाळच्या बसने परत निघायचं होतं.

काल सकाळी बस नव्हती. रस्ताही नव्हता. रातोरात इथे गुडघाभर बर्फ पडला आहे. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानेही इथे बर्फ पाहिलेला नाही, त्यामुळे याचं काय करायचं असतं ते विचारायलाच कोणी नाही. टेलिफोनची तार तुटून बांबूच्या बनात लोंबते आहे. देवळाचे राखणदार तिऊं यांनी आधी केरसुणी आणली. अंगण झाडून कोपऱ्यात ढीग केला, आणि मग तो केरात टाकायचा की गाभाऱ्यात ठेवायचा यावर दोन तास वाद झाला, कारण वस्तू आकाशातून आली होती. तेवढ्यात आ-खुनने त्यातला वाडगाभर खाऊन पाहिला. नंतर तो पाकातली लाल चवळी मागत घरोघर हिंडला. म्हणे, "उन्हाळ्यात किसलेल्या बर्फावर हेच घालून खातो ना आपण? इथे तर किसायचेही कष्ट नाहीत!" दुपारी त्याचं पोट बिघडलं.

आता मुद्द्याचं. देवाला विचारल्याशिवाय मूर्ती हलवता येत नाही. मी रीतसर कौल लावला. "युवराज, बर्फ ओसरताच घरी निघायचं का?" असं विचारून चंद्रकोरीच्या दोन्ही लाकडी फळ्या टाकल्या. एक उताणी एक पालथी पडली असती तर होकार, दोन्ही पालथ्या तर नकार. दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे देव हसला. सात वेळा टाकल्या, सातही वेळा हसला. प्रश्न मी अगदी स्पष्ट विचारला होता. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलेलं नाही.

तू काळजी करू नकोस. सूनबाईला सुईणीने पंचविसावा दिवस सांगितला आहे, वेळ भरपूर आहे. नवस माझ्या ध्यानात आहे. ती आत असेल तेव्हा युवराज मधल्या घरात, तिच्या दाराकडे तोंड करून बसलेले असतील. गेल्या वर्षी ते तिथे नव्हते आणि बाळ रडलंच नाही. आपला चिन-गाक तिकडे समुद्रावर मासे पकडतो आहे, त्याला मी शब्द दिला आहे.

इथला टपालवाला खालच्या बसथांब्यापर्यंत बर्फातून चालत जायला तयार आहे. त्याच्या हाती हे पत्र देतो.

क्वा तिक-सुन


चुई-बे
बारावा महिना, दिवस आठवा

अहो,

दोन दिवसांसाठी म्हणून गेलात. मी तुमच्यासाठी माशाचं डोकं ठेवलं होतं, ते शेवटी मांजराला घातलं. इथे कडक ऊन आहे. तुमचं पत्र देवळात वाचलं तेव्हा सगळे म्हणाले, तिक-सुन डोंगरावर जाऊन प्यायला लागला. मी म्हटलं, माझा नवरा पीत नाही. म्हटलं, तो प्यायला असता तर अडतीस वर्षांत एकदा तरी हसला असता.

(बाबा, हे आई सांगतायत तसंच्या तसं लिहिते आहे. मला इलाज नाही. — सिऊ-ल्वान)

युवराजांच्या अंगात काय आहे? तोच पातळ रेशमी झगा ना? अहो, ते पोर आहे! देव झाला म्हणून काय झालं, गारठणार नाही का? त्यांच्या पायाखाली अग्निचक्रं आहेत हे मलाही माहीत आहे, पण ती पायाखाली आहेत, छातीला काय? तुमचा लोकरी पट्टा काढून त्यांना गुंडाळा. तुम्ही खोकलात तरी चालेल.

आणि कौल असा लावतात होय? "निघायचं का, हो की नाही?" तुम्ही काट्यावर बैलगाडीवाल्यांशी बोलायचात तसे देवाशी बोलता. पोराला आधी विचारावं, बाळा, तुला काय हवंय? हवं ते दिलं की गपगुमान चालू लागतं. चिन-गाकला असंच वाढवलं मी. तुम्ही तेव्हा काट्यावर होता.

सुईण काल येऊन गेली. पोट खाली आल्यासारखं वाटतं म्हणाली. सुनेला विचारलं काही होतंय का, तर नेहमीचंच, "नाही, आई." वर्षभर या घरात दोनच वाक्यं आहेत, "हो आई" आणि "नाही आई". आता हेही लिहितेय, तोंडातून अवाक्षर नाही.

ताबडतोब निघा.

आ-ब्वान

(बाबा, एक विचारू? बर्फ हातात घेतला की कसा लागतो? मी विचारलं हे आईंना कळवू नका.)


हुन-तिन
बारावा महिना, दिवस दहावा

आ-ब्वान हिस,

तुझा सल्ला अमलात आणला. त्याचे परिणाम खाली देतो. त्यांची जबाबदारी तुझी.

लोकरी पट्टा युवराजांना गुंडाळला. मी खोकतो आहे. मग विचारलं, "युवराजांना काय हवं आहे?" हो-नाहीच्या फळ्यांना असा प्रश्न चालत नाही, म्हणून एकेक वस्तू घेत गेलो. दूध? नकार. नवा भोवरा? नकार. तिळाचे लाडू? हसले. एकोणीस वस्तू झाल्या. मग खिडकीतून न्हावी बे-ती घसरून पडताना दिसला आणि आ-खुन म्हणाला, "दादा, विचारा ना, घसरायचंय का!" मी त्याला दटावणार होतो. पण विचारलं. होकार. पुन्हा होकार. पुन्हा होकार. सलग तीन! आता माघार कशी घेणार?

चहाची पानं सुकवायच्या बांबूच्या सुपांमधलं एक मोठं सूप आणलं. माणूसभर रुंद आहे. त्यात युवराजांना ठेवून सोडून द्यावं असं माझं मत होतं. तिऊं राखणदार ओरडले, "मूर्तीला मानकऱ्याखेरीज कोणी हात लावायचा नाही! मांडीवर घेऊन तुम्हीच बसा." बसलो. तर ते म्हणाले, "वाद्यांशिवाय देव जागचा हलत नाही." खरंच आहे. मग वाजंत्र्यांना तीन सुपं. तर म्हणाले, "पुढे पाट्या नकोत?" म्हणून सगळ्यांत पुढच्या सुपात बे-ती 'शांतता' लिहिलेली पाटी घेऊन, त्याच्यामागे आ-खुन 'वाटेतून बाजूला व्हा' ही पाटी घेऊन, मग झांज, मग सनई, मग ढोल, आणि शेवटी मी आणि युवराज. अशी मिरवणूक चहाच्या उतारावरून निघाली.

ढोल जड असल्याने पहिल्याच वळणावर सर्वांच्या पुढे गेला. 'शांतता' उलटी फिरून झाडीत शिरली. आ-खुन शेवटपर्यंत "बाजूला व्हा, बाजूला व्हा" ओरडत होता, पण बाजूला व्हायला तिथे एक रेडा सोडून कोणी नव्हतं, आणि तो झाला नाही. सनईवाला त्याच्या पोटाखालून सुरात गेला. मी युवराजांना छातीशी धरून डोळे मिटले होते. उघडले तेव्हा खाली पोचलेलो होतो आणि कोणीतरी मोठ्याने ओरडत होतं. तो मीच होतो.

विचारलं, "युवराज, झालं समाधान?" हसले. पुन्हा वर चढलो. वर जातानाही वाद्यं लागतात. आज एकूण अकरा वेळा झालं. माझी कंबर गेली आहे.

यात माझा दोष नाही.

क्वा तिक-सुन

(हा दुसरा कागद फक्त सूनबाईसाठी. बर्फाबद्दल विचारलंस. मी सूपभर बर्फ तिऊं यांच्या ताजव्यात घालून पाहिला. दिसतो मणभर, भरतो पसाभर. तोलण्याच्या कामाचा नाही. हातात घेतला की आधी काहीच लागत नाही, मग चटका बसतो, मग पाणी. मुठीत दाबला की करकरतो, नव्या कापडासारखा. त्रेसष्ट वर्षं मला हे माहीत नव्हतं. तू इथे असायला हवी होतीस. सासूला हे वाचून दाखवू नकोस.)


चुई-बे
बारावा महिना, दिवस बारावा

अहो, लाज आहे का काही?

तुमचं पत्र देवळात मी वाचायला लावलं नाही. पोस्टमन चुंगने हातात देतानाच अर्धं वाचून टाकलं होतं, आणि तो इथून कारखान्यापर्यंत सांगत गेला. आता रस्त्यात पोरं टोपलीत बसून "बाजूला व्हा" ओरडतात. कारखान्याच्या फाटकावर म्हणे कोणी विश्वासच ठेवत नाही. काटेवाले क्वा? सुपात? तुमच्या जागी आलेल्या माणसाने म्हणे सही मागितली आहे.

तुम्हाला मी सांगितलं काय, तुम्ही केलंत काय! पोराचा हट्ट एकदा पुरवायचा असतो, अकरा वेळा नाही.

आणि ऐका. (आई म्हणतात, हे तू लिहू नकोस, पण दुसरं कोण लिहिणार?) सनईवाला रेड्याखालून सुरात गेला, तिथे सून थांबली. मला वाटलं कळ आली. पाहते तर तोंडावर पदर, खांदे हलतायत. मी धावत गेले. ती हसत होती! आता हे लिहितानाही हसली, वर शाईचा डाग पडलाय तो त्यामुळे. तेव्हा मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

पण हसून बाळंतपण होत नाही. सुईण म्हणते पंचविसाव्याची वाट बघू नका. मला भीती वाटते हो. मागच्या वेळी सगळं नीट चाललं होतं आणि मग एकदम शांत झालं. ती शांतता मला पुन्हा ऐकायची नाही. रस्ता नसेल तर युवराजांना कोटात घाला आणि चालत या. पण या.

आ-ब्वान

(बाबा, मी बरी आहे. पाय सुजलेत एवढंच. पुढे काय झालं ते लिहा. रेडा सापडला का? म्हणजे त्याचं काय झालं? — सिऊ-ल्वान)


हुन-तिन
बारावा महिना, दिवस चौदावा

आ-ब्वान हिस, आणि सूनबाई हिस,

रेडा सुखरूप आहे. आता तो आम्हाला बघितलं की आपण होऊन बाजूला होतो.

निघण्याबद्दल म्हणशील तर मी रोज कौल लावतो. आज विचारलं, "युवराज, कंटाळा आला का?" नकार. "गारठलात का?" नकार. "खेळ पुरे झाला का?" हसले. आता देवच असा म्हटल्यावर माणसाने काय करावं? रस्ताही आहे म्हणजे तसा आहे, पण पूर्ण रस्ता म्हणता येईल असा नाही. वनखात्याची माणसं काहीतरी उपसत असतात.

इथे बरंच काही घडलं. वरच्या वाडीचा भूमिदेव आपल्या देवळीतून आमचा गोंधळ ऐकत होता. त्याच्या पुजाऱ्याने कौल लावला तर त्यालाही यायचं होतं! पांढऱ्या दाढीचा देव, हातात काठी. देवादेवांत वयाचा मान असतो, म्हणून पहिली घसरण त्यांना दिली. ते घसरले आणि गेले ते थेट कोबीच्या वाफ्यात. काढून विचारलं, लागलं का? हसले.

मग वरची वाडी आणि खालची वाडी यांच्यात बर्फाच्या गोळ्यांची लढाई झाली. दोन्ही सेनापती देव. युवराजांच्या वतीने गोळे मी फेकायचे असं ठरलं, कारण मूर्ती माझ्या काखेत होती. सूनबाई, माझा नेम चांगला आहे! हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तिऊं राखणदारांची टोपी दोनदा उडवली. एकदा तर विनाकारण उडवली, लढाई संपल्यावर.

काल एक हवालदार चढून आला. चहाच्या कारखान्यातली बावीस सुपं नाहीशी झाल्याची तक्रार होती. त्याने विचारलं, "या सुपांचं तुम्ही नेमकं काय करता?" शब्दांत सांगता येईना, म्हणून बसवून दाखवलं. तपास पूर्ण व्हावा म्हणून तो चार वेळा घसरला. चौथ्या वेळी बे-तीचा पाय मुरगळला होता म्हणून 'शांतता'ची पाटी त्याच्या हाती दिली. तो गणवेशात, ताठ बसून, पाटी उंच धरून, उलटा फिरत फिरत गेला, आणि जाता जाता शिट्टी वाजवत होता, स्वतःलाच थांबवायला! शेवटी रेड्याच्या हौदात. पाटी मात्र त्याने पाण्याच्या वर धरली होती. बाहेर आल्यावर वहीत लिहिलं, "सुपं धार्मिक वापरात आहेत."

मी बरा आहे. खोकला गेला. पंचविसावा अजून अकरा दिवस लांब आहे.

तिक-सुन


चुई-बे
बारावा महिना, दिवस सोळावा

अहो,

इकडे सगळं ठीक आहे. तुम्ही घाई करू नका. निसरड्यावर जपून चाला. युवराजांना मनसोक्त खेळू द्या. पोटाला नीट खात जा. माझा तुमच्यावर काही राग नाही.

आ-ब्वान

ता. क. काटेवाले काका, मी पोस्टमन चुंग. अक्षर माझं आहे. काकूंनी सांगितलं तेवढंच लिहायचं अशी मला शपथ घातली आहे, म्हणून बाकी काही लिहीत नाही. माझा गळा बसला आहे, पण का बसला तेही सांगू शकत नाही. हवालदाराचा भाग फार छान होता.


हुन-तिन
बारावा महिना, दिवस सतरावा

आ-ब्वान,

अक्षर तिचं नाही.

पाकीट उघडलं आणि चुंगचे वाकडेतिकडे फराटे दिसले. आणि तुझा राग नाही? अडतीस वर्षांत तुझा माझ्यावर राग नाही असं एकदाही झालेलं नाही. सून कुठे आहे? ती का लिहीत नाही? कशी आहे ते मला पत्रात सांगू नकोस. मी निघालो आहे. युवराज कोटात आहेत. त्यांना घेऊन आडवाटेने जाता येत नाही, आणि बस चिखलात रुतली आहे, म्हणून मला सडकेने चालत उतरावं लागेल. टपालवाला आडवाटेने जातो, म्हणून हे पत्र माझ्या आधी पोचेल. ते आधी पोचावं अशी माझी इच्छा आहे, कारण यात जे आहे ते तुझ्या तोंडावर मला बोलता येणार नाही.

युवराजांनी होकार दिला होता.

अकराव्या दिवशी सकाळी सगळे चहा पीत असताना मी एकटा गाभाऱ्यात गेलो आणि विचारलं, घरी निघायचं का? तीन वेळा टाकल्या. तीनही वेळा होकार. बाराव्या दिवशी रस्ता मोकळा झाला. पहिली बस मी खिडकीतून जाताना पाहिली. त्यानंतर मी तो प्रश्न पुन्हा विचारलाच नाही. कंटाळा आला का विचारलं, गारठलात का विचारलं. युवराज बिचारे खरं तेच सांगत होते. खोटं मी सांगत होतो. आ-खुनला, बे-तीला, तुलाही.

एक कारण असं की मला मजा येत होती. हे लिहायला हात धजत नाही, पण येत होती. लहानपणी मी कशावरून घसरलो नाही, कोणाची टोपी उडवली नाही. आठव्या वर्षापासून मी उसाच्या मोळ्या बांधत होतो. सुपात बसलो की माझं वय कुठेतरी वर, उतारावरच राहायचं.

पण ते एक कारण. दुसरं असं की गेल्या वर्षी मी दुपारभर अंगणात उभा होतो. बाळ रडण्याची वाट बघत होतो. आतून आवाज येईल, आता येईल. आला नाही. मग तू बाहेर आलीस आणि मान हलवलीस. आ-ब्वान, मला त्या अंगणात पुन्हा उभं राहण्याचा धीर नव्हता. म्हणून मी देवाच्या आड लपलो. त्रेसष्ट वर्षांचा माणूस एका पोराच्या झग्यामागे लपला. नवस तुझा, शब्द माझा, जीव तिचा, आणि मी इकडे टोप्या उडवत होतो.

बर्फ वितळायला लागला आहे. सगळीकडे चिखल आहे. आ-खुन आणि बाकीचे ढोल-ताशे घेऊन मागून येतील. मी वाजंत्र्यांशिवाय देव घेऊन निघालो म्हणून तिऊं ओरडत होते. ओरडू देत.

उद्या दुपारपर्यंत खालच्या बसथांब्यावर पोचेन. तिच्याबद्दल जे असेल ते तिथे कोणाकरवी तरी कळव. किंवा नको कळवूस.

तिक-सुन


चुई-बे
बारावा महिना, दिवस अठरावा

बाबा,

हे पत्र चुंगदादा सायकलवरून बसथांब्यावर घेऊन येत आहेत. अक्षर बघा. माझंच आहे.

मुलगी झाली. पंधराव्या दिवशी, भर दुपारी. दोघी बऱ्या आहोत.

चुंगदादांकडून लिहून घेतलं कारण मला उठू देत नव्हते. बाळाचं कळवायचं नाही हे आईंनी ठरवलं. म्हणाल्या, "कळलं की हा माणूस बर्फावरून धावत सुटेल आणि कुठल्या तरी दरीत जाऊन पडेल. असू दे तिकडे, सुखात आहे." मी म्हटलं, पत्र फार गोड झालंय, बाबांना संशय येईल. तर म्हणाल्या, "त्यांना माझा गोडपणा कधी कळलाय?"

आता ऐका. कळा सुरू झाल्या तेव्हा तुमचं चौदाव्याचं पत्र नुकतंच आलं होतं. आईंना वाचता येत नाही, मला धरवत नव्हतं. मी सुईणीला म्हटलं, मला रेड्याचं काय झालं ते कळलं पाहिजे. तिला वाटलं मला भ्रम झाला. मग आईंनी चुंगदादांना पकडून खिडकीखाली उभं केलं आणि "वाच!" म्हणून ओरडल्या. त्यांनी पूर्ण पत्र वाचलं, कळ आली की मी ओरडायचे आणि ते माझ्यावरून आवाज चढवायचे. एकदा झालं, पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा हवालदार हौदाकडे निघाला तेव्हा मी हसायला लागले. सुईण म्हणाली, हसू नको, जोर लाव. मग म्हणाली, नाही नाही, हसच, हसच! त्याने पाटी पाण्याच्या वर धरली आणि बाळ आलं.

आणि लगेच रडलं. 

सतराव्याचं पत्र मी आज सकाळी आईंना वाचून दाखवलं. सगळं, एकही ओळ न गाळता.  मग म्हणाल्या, "मजा आली म्हणतो! अडतीस वर्षांत मला सांगितलं नाही, की याला मजा येते." आणि कोंबडीत आलं घालायला उठल्या. नवस मोडला का, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, युवराज आले होते की, खिडकीतून, चुंगच्या तोंडून. पण मूर्ती येईल तेव्हा माफी मागायची, तीही तुम्ही.

बाबा, मला एक सांगायचं आहे. गेल्या वर्षी तुम्ही मला खिडकीतून दिसत होतात. दुपारभर, अंगणात, पाठ करून. नंतरही आत आला नाहीत. मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावलात. मी तुमचं नातवंड जिवंत देऊ शकले नाही म्हणून. वर्षभर मी तसंच धरून चालले होते. तुमच्यासमोर काय बोलावं ते कळायचं नाही, म्हणून कोणाशीच बोलायचे नाही. तुम्ही घाबरला होतात हे मला आज सकाळी कळलं.

महिनाभर बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नसतं, मला माहीत आहे. मी आईंना म्हटलं, विचारून तर बघा. फळ्या तुमच्याकडे आहेत, म्हणून त्यांनी दोन नाणी घेऊन चुलीच्या देवाला कौल लावला. होकार, होकार, होकार.

ती खूप रडते. गल्लीच्या टोकाला तुम्हाला तिचा आवाज येईल. तो ऐकत अंगणात उभे राहू नका. युवराजांना मधल्या घरात बसवा, पाय धुवा, आणि सरळ आत या.

सिऊ-ल्वान